फॉरमॅट मारू देऊ नका

संगणक चालू होतो. कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात, पडदा काळा होतो आणि पुन्हा तेच चिन्ह. रात्री अपडेट येऊन गेलेलं असतं. सकाळी बिलं काढायला बसलेला दुकानदार थोडा वेळ वाट बघतो, दोनदा वायर काढून लावतो आणि शेवटी यंत्र उचलून रिपेअरवाल्याकडे नेतो. तिथे झाकण न उघडताच निदान होतं: ‘विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल.’

मारावं लागत नाही. आजच्या सदरात मला एवढंच सांगायचं आहे. अपडेटनंतर रिस्टार्टच्या फेऱ्यात अडकलेल्या संगणकात तुमच्या फायली बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतात. बिघडलेला असतो तो एखादा ड्रायव्हर, अर्धवट बसलेलं अपडेट किंवा चालू होताना लागणारी एखादी फाइल. ती बाजूला काढली की यंत्र उठतं. तेवढ्यासाठी सगळी डिस्क पुसणं हा कामचुकारपणा आहे, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक भरतं.

किंमत म्हणजे बिलाची रक्कम नव्हे. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी फॉरमॅट करतो,’ असं आश्वासन दुकानात मिळतं आणि लोक निर्धास्त होतात. निर्धास्त होऊ नका. डेस्कटॉप सीवर असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर, कोणी मुद्दाम हलवलेले नसतील तर, सीवरच असतात. टॅलीचा डेटा पुष्कळदा तिथेच असतो. ज्या माणसानं दहा वर्षं प्रत्येक गोष्ट डेस्कटॉपवर सेव्ह केली त्याचं सगळं काम सीवर आहे, आणि आपल्याकडे बहुतेक लोक डेस्कटॉपवरच सेव्ह करतात. नव्या लॅपटॉपमध्ये तर कित्येकदा डी नसतोच.

पुढचं आणखी वाईट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून पुसलेला डेटा काही वेळा परत काढता येत असे. आता यंत्रांत एसएसडी असते. फॉरमॅट केल्यावर रिकाम्या झालेल्या जागा ती डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे कितीही पैसे मोजा, हाती काही लागण्याची आशा फार थोडी. तालुक्याच्या गावातला डीटीपीवाला श्रीलिपीतली लग्नपत्रिकांची वीस वर्षांची मांडणी गमावतो. ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला डिजिटल सहीच्या टोकनपासून प्रिंटरपर्यंत सगळे ड्रायव्हर पहिल्यापासून बसवावे लागतात. कोणाच्या तरी बारशाचे फोटो जातात, ते कुठूनच परत येत नाहीत.

आता हा फेरा मुळात होतो कसा, ते नीट समजून घेऊ. त्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्पष्ट उदाहरण १९ जुलै २०२४ चं आहे. शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. चॅनल फाइल २९१. सॉफ्टवेअरच्या आतला कोड २० नोंदी पुरवत होता आणि नव्या माहितीला एकविसावी नोंद वाचायची होती. ती नव्हतीच. कोड स्मृतीच्या भलत्याच जागी वाचायला गेला आणि विंडोज कोसळलं. कंपनीनं १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाइल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख यंत्रं कोलमडली होती.

फाइल मागे घेऊनही यंत्रं का उठली नाहीत, हा खरा मुद्दा आहे. फाल्कनचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, अगदी सुरुवातीलाच चालू होतो. चालू झाला की ती फाइल वाचतो, वाचली की यंत्र कोसळतं, कोसळलं की विंडोज आपोआप रिस्टार्ट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. दुरुस्त फाइल इंटरनेटवर तयार होती, पण ती उतरवून घेण्याइतका वेळ बहुतेक यंत्रं शुद्धीवरच राहत नव्हती. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अमेरिकेत डेल्टा कंपनीची विमानं त्यानंतरही कित्येक दिवस रद्द होत राहिली.

आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, विंडोजच्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये क्राउडस्ट्राइकचा फोल्डर उघडा, २९१ आकडा असलेली ती फाइल डिलीट करा, रिस्टार्ट करा. एवढंच. जगातल्या बँका, रुग्णालयं, विमान कंपन्या या एका फाइलमुळे बंद पडल्या आणि ती एक फाइल काढल्यावर उठल्या. फॉरमॅट हा अधिकृत उपाय नव्हताच. मग तुमच्या दुकानातल्या एका संगणकाला तो का लागावा?

सेफ मोड काम का करतो, हेही यातच आलं. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःपुरतं अगदी आवश्यक तेवढंच चालू करतं. बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर, अँटिव्हायरस, ग्राफिक्स कार्डाचे चोचले हे सगळं बाहेर थांबतं. यंत्र सेफ मोडमध्ये उठलं तर विंडोजचा पाया धड आहे आणि दोषी त्या बाहेर थांबलेल्यांपैकी कोणीतरी आहे, हे तिथल्या तिथे कळतं. इतकं मोलाचं निदान पाच मिनिटांत मिळत असताना ते न करता पेनड्राइव्ह लावून नवं विंडोज टाकायला बसणाऱ्या माणसाला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

घरी काय करायचं? सगळ्यात आधी खात्री करा की हा फेराच आहे. अपडेट बसताना यंत्र स्वतःहून दोन-तीनदा रिस्टार्ट होतं, ते त्याचं नेहमीचं काम आहे. पडद्यावर टक्केवारी दिसत असेल आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. जुनी हार्ड डिस्क असेल तर मोठं अपडेट तासन्‌तास घेतं. ‘केलेले बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाचा संदेश आला असेल तर विंडोज स्वतःच माघार घेतं आहे. त्याला घेऊ द्या. अशा वेळी घाईनं बटण दाबून बंद केलेली यंत्रं नंतर खरोखर बिघडतात. वीज जाणाऱ्या गावात अपडेटच्या वेळी डेस्कटॉपला यूपीएस आणि लॅपटॉपला चार्जर हवाच.

पण चिन्ह येतं-जातं, टक्केवारी नाही, संदेश नाही, आणि असं चार-पाच वेळा झालं, तर तो फेरा. मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, स्कॅनर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं उपसून काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवा. आता यंत्र चालू करा, चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. पुन्हा तसंच. विंडोज १० आणि ११ ला लागोपाठ दोनदा चालू होता आलं नाही की तिसऱ्या वेळी ते दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर आपणहून जातं. याला विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ते विंडोजचं वेगळं, छोटं रूप असतं आणि मुख्य विंडोज मोडलेलं असतानाही चालतं. तिथेही जात नसेल तर दुसऱ्या कोणाच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवून घ्या, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून यंत्र चालू करा आणि ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ दाबा. या एका दाबण्यात तुमचा डेटा राहतो की जातो ते ठरतं.

निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. ते उघडल्यावर दोन पर्याय येतात: ‘लेटेस्ट क्वालिटी अपडेट’ आणि ‘लेटेस्ट फीचर अपडेट’. पहिलं दर महिन्याचं, दुसरं वर्षातून एकदा येणारं मोठं. काल रात्री काय आलं हे माहीत नसेल तर आधी पहिलं काढा. यंत्र उठलं तर प्रश्न मिटला. नाही उठलं तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जा, रिस्टार्ट करा आणि ४ दाबून सेफ मोड घ्या. सेफ मोडमध्ये ताजा ड्रायव्हर मागे फिरवता येतो, नवीन टाकलेला अँटिव्हायरस काढता येतो. त्याच यादीत ९ आकड्यावर कोसळल्यानंतर आपोआप रिस्टार्ट न होण्याची सोय आहे. ती घेतलीत की यंत्र त्रुटीच्या पडद्यावर थांबून राहतं आणि त्रुटीचं नाव वाचता येतं. त्याचा मोबाइलनं फोटो काढा. पुढे ज्याच्याकडे जाल त्याला तो फोटो दाखवा. ‘सारखा रिस्टार्ट होतोय’ या तक्रारीपेक्षा तो फोटो कितीतरी जास्त सांगतो.

‘सिस्टिम रिस्टोअर’ही तिथेच आहे. ते आधी चालू ठेवलेलं असेल तर यंत्र मागच्या तारखेच्या स्थितीत नेता येतं, फायलींना धक्का न लावता. ‘रिसेट धिस पीसी’ला मात्र सगळ्यात शेवटी हात लावा. त्यात ‘कीप माय फाइल्स’ म्हटलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम उडतात, टॅलीही आणि श्रीलिपीही.

आणि यातलं काहीच करायचं धैर्य नसेल तर निदान एक गोष्ट करा. त्याच निळ्या पडद्यावरून ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, नोटपॅड असं टाइप करून एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडतं. त्याच्या ‘फाइल’मधून ‘ओपन’ दाबा, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. समोर तुमची डिस्क उघडते. इथे ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे झालेली असू शकतात, म्हणून सी रिकामा दिसला तर घाबरू नका, डी आणि ई बघा. ‘युजर्स’मध्ये तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. प्रगती दाखवणारी पट्टी येणार नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटेल, पण कॉपी चालू असते. विंडोज मेलेलं असताना तुमच्या फायली अशा बाहेर काढता येतात, फुकट, स्वतःच्या हातानं. हे शाळेच्या संगणक तासाला शिकवायला हवं. त्या तासाला आपण मुलांना वर्डमध्ये शीर्षक ठळक करायला शिकवतो.

आता चावीबद्दल. वर सांगितलेलं सगळं एका जागी अडू शकतं: पडदा ४८ अंकांची बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. बिटलॉकर म्हणजे डिस्क कुलूपबंद करण्याची विंडोजची सोय. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला फायली वाचता येऊ नयेत म्हणून ती आहे, आणि ती असावी असंच माझं मत आहे. पण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं पहिल्यांदा साइन इन केलं की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं आणि चावी त्या खात्यात ठेवली जाते. मालकाला याचा पत्ताच नसतो. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर इंटेलच्या काही प्रोसेसरांची यंत्रं अचानक ही चावी मागू लागली. आठवड्याभरात दुरुस्ती आली, पण ज्यांच्याकडे चावी नव्हती त्यांना त्या आठवड्यात काय करता येणार होतं?

इथे दुकानदारांच्या एका सवयीवर मला बोट ठेवायचं आहे. नवा लॅपटॉप विकताना ‘सेटअप करून देतो’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाचा ईमेल विचारत बसण्याचा कंटाळा येऊन स्वतःच्याच नाहीतर दुकानाच्या ईमेलनं खातं उघडून मोकळे होतात. अशा वेळी तुमच्या डिस्कची चावी त्यांच्या खात्यात जाते. दोन वर्षांनी दुकान बंद झालेलं असतं किंवा तो मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. अपडेटनं यंत्र अडकतं, चावी मागतं, आणि ती जगात कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. त्या अवस्थेत फॉरमॅट हाच उपाय उरतो. विकत घेतलेल्या यंत्राची चावी दुसऱ्याच्या खात्यात राहणं हा गिऱ्हाइकाचा विश्वासघात आहे, मग तो कंटाळ्यातून झालेला असो की अज्ञानातून. आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बघा, चावी आहे का. असेल तर कागदावर उतरवा आणि तो कागद रेशन कार्डाच्या फायलीत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. नसेल आणि डिस्कला कुलूप असेल, तर यंत्र धड चालतंय तोवर सेटिंग्जमधून तिची प्रत काढून घ्या. अडकल्यावर काढता येत नाही.

दोष रिपेअरवाल्याचा आहे तसा अपडेट पाठवणाऱ्याचाही आहे, आणि पाठवणारा मोठा आहे. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. आपल्या कचेऱ्या, दुकानं, सेतू केंद्रं बुधवारी सकाळी त्याचा अनुभव घेतात. फेब्रुवारी २००८ मध्ये विंडोज व्हिस्टासाठी पाठवलेल्या एका पूर्वतयारीच्या अपडेटनं यंत्रं ‘तीनपैकी तिसरा टप्पा, शून्य टक्के’वर फिरत राहिली आणि ते मागे घ्यावं लागलं. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि घरगुती वापरकर्त्याचा अपडेट नाकारण्याचा हक्कच काढून घेतला गेला. पुढच्याच महिन्यात एका अपडेटनं कित्येकांची यंत्रं बसव-माघार-रिस्टार्टच्या फेऱ्यात टाकली, आणि नाकारायची सोय नसल्यामुळे तेच अपडेट पुन्हापुन्हा येत राहिलं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या भगदाडावर इंटेलनं काढलेल्या दुरुस्तीनं यंत्रं वाटेल तेव्हा रिस्टार्ट होऊ लागली आणि इंटेललाच सांगावं लागलं की ही बसवणं थांबवा. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनं कंपन्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यांचं लॉगिन अवलंबून असतं ते सर्व्हर, रिस्टार्टच्या फेऱ्यात गेले. दुरुस्ती १७ तारखेला आली.

मला सगळ्यात जास्त राग आला तो १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटचा. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार संपवला आणि सगळ्यांना ११ वर या म्हणून सांगितलं. आणि त्याच दिवशी ११ साठी आलेल्या अपडेटनं त्या निळ्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस बंद पाडले. मुख्य विंडोजमध्ये ते चालत होते, फक्त संकटाच्या दारात चालत नव्हते. म्हणजे यंत्र अडकलं तर पर्याय समोर दिसणार आणि निवडता येणार नाही. दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली. दुरुस्तीचा पडदा कीबोर्डनिशी चालतो की नाही, हे जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी सोडण्याआधी तपासत नसेल तर ती तपासणी आपल्या टेबलावर होते आहे. याबद्दल तिला जाब विचारला पाहिजे आणि तो सरकारनं विचारायला हवा, कारण सरकारची पुष्कळ कामं याच यंत्रांवर चालतात.

मोठ्या कंपन्या स्वतःचं रक्षण करतात. त्यांचा आयटी विभाग अपडेट आधी मोजक्या यंत्रांवर बसवतो, काही दिवस बघतो, मग सगळीकडे सोडतो. किराणा दुकानाला, शाळेला, वकिलाच्या कचेरीला तो विभाग नसतो. म्हणून त्यांनी एवढं तरी करावं: सेटिंग्जमध्ये ‘पॉज अपडेट्स’ आहे, विंडोज ११ वर ते पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येतं. दुसऱ्या मंगळवारच्या आधी एक आठवड्याचा पॉज घाला, नंतर काढा. तोवर गडबड असेल तर ती जगाला कळलेली असते. ‘मिळताक्षणी अपडेट द्या’ हा पर्याय बंद ठेवा, कारण महिन्याच्या शेवटी येणारी ऐच्छिक अपडेट त्यातून शिरतात. जून २०२४ मध्ये अशाच एका ऐच्छिक अपडेटनं विंडोज ११ ची काही यंत्रं फेऱ्यात गेली होती. आणि अपडेट काढून यंत्र उठवलंत की लगेच पॉज घाला, नाहीतर तेच पुन्हा उतरून बसेल.

पॉज म्हटलं आहे, बंद नाही. ‘अपडेट कायमचं बंद करून देतो’ असं सांगणारे मेकॅनिक गावोगाव आहेत आणि लोक खूश होतात. ते तुमचं दार उघडं टाकून जातात. १४ मार्च २०१७ ला विंडोजच्या एका भगदाडावर दुरुस्ती निघाली. १२ मेला वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर त्याच भगदाडातून जगभर शिरलं, म्हणजे ज्यांनी दोन महिन्यांत अपडेट बसवलं नव्हतं त्यांच्याकडे. २७ जूनला नॉटपेट्या हे तसंच घातक सॉफ्टवेअर आलं आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. त्या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती, हे खरं. पण एकदा आत शिरल्यावर ते पसरलं त्यात न भरलेल्या त्याच भगदाडाचा मोठा हात होता. अपडेट आठवडाभर थांबवणं शहाणपणाचं, वर्षभर थांबवणं घातक.

कधीकधी अपडेट निर्दोष असतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोज एक्सपीच्या एका सुरक्षा अपडेटनंतर यंत्रं त्रुटीच्या निळ्या पडद्यावर जाऊन रिस्टार्ट होऊ लागली, सगळीकडे ओरड झाली. तपासाअंती निघालं की त्या यंत्रांत आधीपासून ॲल्युरिऑन नावाचं रूटकिट, म्हणजे खोलवर दडून बसणारं घातक सॉफ्टवेअर, लपलेलं होतं. विंडोजच्या गाभ्यातल्या ठरावीक पत्त्यांवर ते विसंबून होतं, अपडेटनं ते पत्ते बदलले आणि चोर पायरी चुकून कोसळला. अपडेट आलं नसतं तर तो अजून किती दिवस आत राहिला असता?

आणि काही वेळा अपडेटचा संबंधच नसतो. यंत्र चालू करून बायोसच्या सेटअपमध्ये जा आणि तिथेच पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. तिथेही ते रिस्टार्ट झालं तर विंडोजचा प्रश्नच नाही. वीज पुरवणारा एसएमपीएस थकलेला असेल, रॅम सैल असेल, पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापत असेल. अशा यंत्रावर तीनदा विंडोज टाकून तीनदा पैसे घेणारे लोक आहेत. चौथ्यांदा ते ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतात.

रिपेअरवाल्यांची बाजूही मला माहीत आहे. फॉरमॅटचे ठरलेले पैसे मिळतात आणि काम ठरलेल्या वेळात संपतं. निदानाला एक तास लागो की चार, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, उलट ‘काही बदललं तर नाहीस, मग कशाचे पैसे?’ असं विचारतं. हा आपला दोष आहे. ज्या माणसानं एक अपडेट काढून तुमचा दहा वर्षांचा डेटा जागच्या जागी परत दिला, त्यानं फॉरमॅटवाल्यापेक्षा मोठं काम केलं. त्याला जास्त पैसे द्या, आणि ते निदानाचे आहेत असं सांगून द्या.

बदल्यात त्याच्याकडून लेखी मागा. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की जॉब कार्ड मिळतं, संगणकाला मिळत नाही, आणि ‘विंडोज प्रॉब्लेम’ एवढ्या दोन शब्दांवर पावती फाडली जाते. यंत्र हातात देण्याआधी त्या पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: आधी डेटाची प्रत कशावर घेणार, माझ्या सहीशिवाय डिस्क पुसणार नाही, आणि बिघाड अपडेटचा निघाला तर काढलेल्या अपडेटचा केबी क्रमांक, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं त्याला दिलेला ओळख क्रमांक, काय. जो हे लिहून द्यायला नकार देईल त्याच्या टेबलावरून यंत्र उचला आणि पुढच्या दुकानात जा.